स्थिरांक घालवताना काय हरवते, काय घुसते

वाचकांचे प्रश्न : अवकल समीकरणे तयार करणे

या वेळी एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. वक्रांच्या एखाद्या कुलाचे, म्हणजे एकाच साच्यातल्या वक्रांच्या समूहाचे, समीकरण दिलेले असते, त्यात एक-दोन स्वेच्छ स्थिरांक असतात, वर्गातल्या भाषेत आर्बिट्ररी कॉन्स्टंट. ते घालवून डिफरन्शिअल इक्वेशन बनवायचे. बारावीत हा भाग धड्याच्या सुरुवातीलाच येतो आणि सोपा म्हणून उरकला जातो. मग इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात किंवा बीएस्सीला लंबछेदी वक्र (कुलातल्या वक्रांना काटकोनात छेदणारे) आले की तिथे अडते, कारण गाठ मागेच राहिलेली असते.

लिहिण्याची पद्धत अशी : क्ष हे स्वतंत्र चल, य हे त्यावर अवलंबून असणारे. य′, य″, य‴ म्हणजे य चे क्ष-सापेक्ष पहिला, दुसरा, तिसरा अवकलज. गुणाकारासाठी मध्ये बिंदू टाकला आहे. तो नसेल तर क्ष आणि य शेजारी आल्यावर ‘क्षय’ वाचले जाते. स्थिरांक मात्र काही ठिकाणी चलाला चिकटूनच लिहिला आहे : अक्ष म्हणजे अ गुणिले क्ष. ई म्हणजे e, आणि ^ च्या पुढे त्याचा घातांक. समीकरणातला सर्वांत वरचा अवकलज कितवा, ती त्याची ऑर्डर.

प्रश्न : य = अ·ई^(२क्ष) + ब·ई^(−३क्ष) यातून अ आणि ब काढायचे आहेत. दोनदा अवकलन केले, तीन समीकरणे मिळाली. त्यांतून अ, ब च्या किमती काढून परत घातल्या की पान भरते आणि कुठेतरी चिन्ह चुकतेच. छोटा रस्ता आहे का? (बारावी, विज्ञान)

आहे. किमती काढूच नका. अ ची किंमत किती, हे आपल्याला कुणी विचारलेले नाही. अ नको आहे, एवढेच. म्हणून एका वेळी एकाला बाहेर काढा.

य′ = २अ·ई^(२क्ष) − ३ब·ई^(−३क्ष)

यात ३य मिळवा. ब चे पद कटते :

य′ + ३य = ५अ·ई^(२क्ष)

आता उजवीकडे एकच स्थिरांक उरला आहे. दोन्ही बाजूंना ई^(−२क्ष) ने गुणा, म्हणजे तो पूर्ण एकटा पडेल :

(य′ + ३य)·ई^(−२क्ष) = ५अ

एकटा पडलेला स्थिरांक अवकलनात शून्य होतो. डावीकडे गुणाकाराचा नियम लावून ई^(−२क्ष) बाहेर काढले की उरते य″ + ३य′ − २(य′ + ३य) = ०, म्हणजे

य″ + य′ − ६य = ०

घातांकातले आकडे २ आणि −३. (म − २)(म + ३) = म² + म − ६. सहगुणक तेच आले, म्हणजे उत्तर बरोबर. ही पडताळणी दहा सेकंदांची आहे, पेपरात जरूर करा. तुमचे चिन्ह बहुधा ई^(−३क्ष) च्या दुसऱ्या अवकलजात चुकत असणार : तिथे +९ येतात, घाईत −९ लिहिले जातात. वरच्या रीतीत तो ९ येतच नाही.

स्थिरांक एकटा पाडायचा आणि मग अवकलन करायचे, हीच युक्ती इतर ठिकाणीही चालते. आरंभबिंदूपाशी क्ष-अक्षाला स्पर्श करणारी वर्तुळे घ्या : क्ष² + य² = २अय. सरळ अवकलन केले तर अ राहतो आणि पुन्हा मूळ समीकरणातून त्याची किंमत आणावी लागते. त्याऐवजी आधी य ने भागा. (क्ष² + य²)/य = २अ. आता एका अवकलनात काम होते :

(क्ष² − य²)·य′ = २क्ष·य

प्रश्न : य = अ·साइन²क्ष + ब·कॉस २क्ष + क. तीन स्थिरांक, म्हणून तीनदा अवकलन करून य‴ + ४य′ = ० मिळवले. पुस्तकातल्या उत्तरात मात्र य″·साइन २क्ष = २य′·कॉस २क्ष असे दुसऱ्या ऑर्डरचे समीकरण आहे. मूळ समीकरण माझ्या उत्तरात घालून पाहिले तर ते समाधान होते. मग माझे चूक कसे? (बीएस्सी, पहिले वर्ष)

तुमचे समीकरण खोटे नाही, पण ते या कुलाचे नाही. फरक इथेच समजून घ्या, कारण या विषयातल्या निम्म्या चुका इथूनच निघतात.

कॉस २क्ष = १ − २साइन²क्ष, म्हणजे साइन²क्ष = (१ − कॉस २क्ष)/२. हे मूळ समीकरणात घाला :

य = (क + अ/२) + (ब − अ/२)·कॉस २क्ष

कंसांना प आणि फ म्हणा. य = प + फ·कॉस २क्ष. अक्षरे तीन दिसत होती, स्थिरांक दोनच आहेत. अ वाढवून ब आणि क त्या हिशेबाने हलवले तर वक्र तोच राहतो. म्हणून ऑर्डर दोन. य′ = −२फ·साइन २क्ष, य″ = −४फ·कॉस २क्ष; दोहोंतून फ काढला की छापलेले उत्तर मिळते.

तुमच्या य‴ + ४य′ = ० मध्ये य = साइन २क्ष घालून पाहा. य‴ = −८कॉस २क्ष, ४य′ = ८कॉस २क्ष, बेरीज शून्य. पण साइन २क्ष दिलेल्या कुलात कुठेच नाही. प आणि फ काहीही घेतले तरी प + फ·कॉस २क्ष मधून तो येत नाही. म्हणजे तुमच्या समीकरणाने दार जास्त उघडे ठेवले आणि परके वक्र आत आले. कुलातला प्रत्येक सदस्य समीकरणात बसतो एवढे तपासून भागत नाही. समीकरणाच्या सर्वसाधारण उकलीत किती स्थिरांक येतात आणि कुलात खरे किती होते, हे दोन आकडे जुळले पाहिजेत.

खरे स्थिरांक कसे मोजायचे? स्थिरांक पहिल्या घातात सुटे असतील, तर त्यांच्यासोबतची फलने पाहा. इथे ती साइन²क्ष, कॉस २क्ष आणि १. त्यांतले एखादे बाकीच्यांच्या बेरीज-वजाबाकीतून बनत असेल, तर एक अक्षर फुकटचे आहे. स्थिरांक फलनाच्या पोटात अडकले असतील, तर ते बाहेर काढून पाहा. अ·ई^(क्ष+ब) मध्ये ई^ब बाहेर येतो आणि अ मध्ये मिसळतो : एकच स्थिरांक, य′ = य. लॉग(अक्ष) + ब मध्ये लॉग अ वेगळा होऊन ब ला मिळतो : एकच, य′ = १/क्ष. पण अ·साइन(क्ष + ब) मध्ये ब तसा सुटत नाही. विस्तार केला तर साइन क्ष आणि कॉस क्ष यांचे दोन स्वतंत्र सहगुणक मिळतात. तिथे खरोखर दोन आहेत आणि य″ + य = ०.

थोडे फसवे उदाहरण हवे असेल तर य = (अक्ष + ब)/(कक्ष + ड) घ्या. अक्षरे चार, पण वर-खाली एकाच संख्येने भागले तर वक्र बदलत नाही, म्हणून स्थिरांक तीन. अवकलन केले की य′ = (अड − बक)/(कक्ष + ड)², म्हणजे य′ चा −१/२ वा घात हा क्ष मध्ये एकघाती आहे आणि त्याचा दुसरा अवकलज शून्य. तो उलगडला की २य′·य‴ = ३य″². तिसरी ऑर्डर, चौथी नाही. चार वेळा अवकलन करून बसलेला विद्यार्थी इथे वही फाडतो.

प्रश्न : ‘५ त्रिज्येची सर्व वर्तुळे’, ‘सर्व वर्तुळे’ आणि ‘दोन्ही अक्षांना स्पर्श करणारी वर्तुळे’ ही तीन उदाहरणे एकापाठोपाठ सोडवली आणि गोंधळ झाला. कुठे किती वेळा अवकलन करायचे हे वाक्यावरून कसे ओळखायचे? (सीईटीची तयारी करणारी विद्यार्थिनी)

समीकरण लिहिण्याआधी स्वतःला विचारा : असे एक विशिष्ट वर्तुळ कुणाला फोनवर सांगायचे तर किती आकडे सांगावे लागतील? त्रिज्या ५ ठरलेली असेल तर केंद्राचे दोन. काहीच ठरलेले नसेल तर तीन. दोन्ही अक्षांना स्पर्श करणारे, समजा पहिल्या चरणातले, असेल तर एकच आकडा : केंद्र (अ, अ) आणि त्रिज्याही अ. दिलेला ५ हा स्वेच्छ स्थिरांक नव्हे. तो उत्तरात राहिलाच पाहिजे. अनेक जण त्यालाही घालवायला निघतात.

आधी ५ त्रिज्येची. केंद्र (ग, ह) :

(क्ष − ग)² + (य − ह)² = २५

पहिले अवकलन, २ ने भागून : (क्ष − ग) + (य − ह)·य′ = ०

दुसरे : १ + य′² + (य − ह)·य″ = ०

दुसऱ्या ओळीत (य − ह)·य′ हा गुणाकार आहे, म्हणून दोन पदे येतात. य′² हे पद विसरणे ही इथली नेहमीची चूक, आणि ती झाली की पुढचे सगळे वाया. आता य − ह = −(१ + य′²)/य″, आणि पहिल्या ओळीतून क्ष − ग = य′·(१ + य′²)/य″. दोन्ही मूळ समीकरणात घातले की वर्गांमुळे चिन्ह जाते :

(१ + य′²)³ = २५·य″²

हे पाठ करण्याची गरज नाही. वक्रता म्हणजे |य″| भागिले (१ + य′²) चा ३/२ वा घात. समीकरण एवढेच म्हणते की वक्रता सगळीकडे १/५ आहे. केंद्र कुठे होते ते विसरले गेले, किती वळायचे ते उरले.

सर्व वर्तुळांसाठी २५ च्या जागी त्रिज्येचा वर्ग, तोही स्वेच्छ. पहिल्या अवकलनात तो आपोआप जातो. म्हणून दुसऱ्या ओळीचे आणखी एकदा अवकलन करा : ३य′·य″ + (य − ह)·य‴ = ०. त्यात य − ह ची वरची किंमत घालून य″ ने गुणा :

३य′·य″² = (१ + य′²)·य‴

इथे एक गंमत आहे. य = मक्ष + न ही सरळ रेषा घाला. य″ आणि य‴ दोन्ही शून्य, समीकरण पूर्ण. रेषा तर आपण कधी घेतलीच नव्हती! शेवटच्या पायरीत य″ ने गुणले, तिथून ती शिरली. य″ ने भागताना आपण गृहीत धरले होते की तो शून्य नाही. गुणताना ती अट पुसली गेली. अनंत त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे रेषा असे मानले तर पाहुणी चालते, पण ती कुठल्या दाराने आली हे माहीत हवे. २५ त्रिज्यावर्गाच्या समीकरणात मात्र ती येऊ शकत नाही : उजवीकडे शून्य आणि डावीकडे किमान १.

तिसरे उदाहरण : (क्ष − अ)² + (य − अ)² = अ². एकदाच अवकलन; अ = (क्ष + य·य′)/(१ + य′). मूळ समीकरणात घालताना कंस आधी वेगळे सोडवा : क्ष − अ = य′·(क्ष − य)/(१ + य′) आणि य − अ = (य − क्ष)/(१ + य′). मग

(क्ष − य)²·(१ + य′²) = (क्ष + य·य′)²

अ ऋण घेतला तर तिसऱ्या चरणातली वर्तुळेही यातच येतात. दुसऱ्या-चौथ्या चरणातली येत नाहीत. तिथे केंद्र (अ, −अ) धरून वेगळे समीकरण करावे लागते. प्रश्नात नुसते ‘दोन्ही अक्षांना स्पर्श करणारी’ असेल तर आपण कोणता चरण घेतला हे एका ओळीत लिहून टाका.

प्रश्न : पाठ्यपुस्तकात निर्धारकाची रीत आहे. ती प्रत्येक वेळी वापरता येईल का?

स्थिरांक पहिल्या घातात आणि सुटे असतील तरच. य = अक्ष + बक्ष² साठी पहिल्या ओळीत य, क्ष, क्ष²; दुसऱ्या ओळीत य′, १, २क्ष; तिसऱ्या ओळीत य″, ०, २. निर्धारक शून्य ठेवून विस्तार केला की क्ष²·य″ − २क्ष·य′ + २य = ०. वर्तुळाच्या समीकरणात ग आणि ह चे वर्ग आहेत, तिथे ही रीत जशीच्या तशी लावू नका. आणि निर्धारकातली फलने एकमेकांवर अवलंबून असतील, जसे मागच्या साइन²क्ष आणि कॉस २क्ष चे झाले, तर विस्तार केल्यावर ० = ० येते. तसे आले तर आकडेमोड पुन्हा तपासण्याआधी स्थिरांक पुन्हा मोजा.

प्रश्न : य = कक्ष + क² मधून क काढल्यावर य = क्ष·य′ + य′² मिळाले. पण य = −क्ष²/४ सुद्धा हे समीकरण पूर्ण करते. हा तर अन्वस्त आहे, मूळ कुलात फक्त रेषा होत्या. हिशेब चुकला का? (शिक्षिका, कनिष्ठ महाविद्यालय)

हिशेब बरोबर आहे. य′ = −क्ष/२ घातले तर क्ष·य′ + य′² = −क्ष²/२ + क्ष²/४ = −क्ष²/४. बसतोच.

हा परका कुठून आला ते आकृतीत दिसते. क ला −२, −१, ०, १, २ अशा किमती देऊन आलेखाच्या कागदावर पाचही रेषा काढायला सांगा. त्या एका अन्वस्ताला बाहेरून टेकत जातात; क किमतीची रेषा त्याला क्ष = −२क येथे स्पर्श करते. पहिल्या ऑर्डरच्या अवकल समीकरणाला प्रत्येक बिंदूपाशी दोनच गोष्टी दिसतात : बिंदू आणि तिथला चढ. अन्वस्ताच्या प्रत्येक बिंदूवर कुलातली एक रेषा त्याच चढाने स्पर्श करून जाते. समीकरणाला तिथे रेषा आणि अन्वस्त यांत भेद करता येत नाही, म्हणून दोघेही आत.

या प्रकारच्या समीकरणाला क्लेरो या फ्रेंच गणितज्ञाचे नाव आहे. त्याने १७३४ मध्ये त्यावर लिहिले. सगळ्या सदस्यांना स्पर्श करणाऱ्या अशा वक्राला एन्व्हलप आणि त्यातून मिळणाऱ्या उकलीला सिंग्युलर उकल म्हणतात. वर्गात सांगायला याहून सोपे उदाहरण य = (क्ष − क)² चे : य′² = ४य, आणि य = ० ही रेषा सगळ्या अन्वस्तांच्या शिरोबिंदूंवरून जाते. विद्यार्थी ‘स्थिरांक एक, ऑर्डर एक, म्हणून सगळ्या उकली कुलातल्याच’ असे धरून चालतात. ऑर्डर मोजायला हा नियम चांगला, पण उकलींची यादी पूर्ण झाली अशी हमी तो देत नाही.

प्रश्न : य² = २क(क्ष + √क), क > ०. डिग्री किती?

तीन. (डिग्री म्हणजे सर्वांत वरच्या अवकलजाचा घात.) य·य′ = क. तो मूळ समीकरणात घालून य ने भागले की य − २क्ष·य′ = २य′·√(य·य′). मूळ चिन्ह असताना डिग्री सांगायची नसते; आधी वर्ग करा : (य − २क्ष·य′)² = ४य·य′³. य′ चा सर्वांत मोठा घात ३, ऑर्डर १. घाईत डिग्री दोन असे उत्तर येते, कारण नजर डावीकडच्या वर्गावर जाते. वर्ग करताना य² = २क(क्ष − √क) हे जुळे कुलही आत आले, तेवढे ध्यानात असू द्या.

प्रश्न : य = कक्ष² या अन्वस्तांचे लंबछेदी वक्र काढले. य′ = २कक्ष, म्हणून −१/य′ = २कक्ष ठेवून समाकलन केले. उत्तरात लॉग आला, पुस्तकात विवृत्ते आहेत. (इंजिनिअरिंग, एम-टू)

क घालवायचा राहिला. तुमच्या ओळीत क तसाच आहे, म्हणजे तुम्ही एका ठरावीक अन्वस्ताचा चढ घेऊन तो सगळ्या पातळीवर पसरवलात. पण (१, १) मधून जाणाऱ्या अन्वस्ताचा क १ आहे, (१, ३) मधून जाणाऱ्याचा ३. लंबछेदी वक्र वाटेत प्रत्येक बिंदूवर वेगळ्या अन्वस्ताला छेदतो, म्हणून त्याला चढ हवा तो फक्त क्ष आणि य वर अवलंबून असलेला.

क = य/क्ष² घाला : य′ = २य/क्ष. आता य′ च्या जागी −१/य′ : २य·य′ = −क्ष. समाकलन केले की क्ष² + २य² = स्थिरांक. ही झाली विवृत्ते.

क्रम कधीही बदलू नका : आधी स्थिरांक, मग −१/य′. वर सुरुवातीला आलेल्या क्ष² + य² = २अय या वर्तुळांना हेच करून पाहा. क्ष² − य² + २क्ष·य·य′ = ० येईल, आणि ते य-अक्षाला आरंभबिंदूपाशी स्पर्श करणाऱ्या क्ष² + य² = २बक्ष या वर्तुळांचे समीकरण आहे.

प्रश्न : पातळीतल्या सर्व शांकवांचे (वर्तुळ, विवृत्त, अन्वस्त, अपास्त) मिळून एक अवकल समीकरण असते असे वाचले. पाच स्थिरांक हाताने घालवणे शक्य आहे का? (निवृत्त अभियंता)

शक्य आहे, आणि अर्ध्या पानात. शांकवाच्या समीकरणात सहा सहगुणक, पण सगळ्यांना एकाच संख्येने भागता येते, म्हणून स्थिरांक पाच आणि ऑर्डर पाच. पाचदा अवकलन करून सहा समीकरणे मांडण्याचा मोह टाळा. त्याऐवजी समीकरण य साठी वर्गसमीकरण म्हणून सोडवा :

य = लक्ष + म ± √व, जिथे व = अक्ष² + २बक्ष + क

पाच अक्षरे : ल, म, अ, ब, क. दोनदा अवकलन केले की ल आणि म जातात. √व चा दुसरा अवकलज (२व·व″ − व′²) भागिले ४ आणि भागिले व चा ३/२ वा घात. अंशात क्ष ची सगळी पदे कटतात आणि ४(अक − ब²) ही नुसती संख्या उरते. हे स्वतः करून पाहा, त्यातच मजा आहे. म्हणजे

य″ = ± (अक − ब²) / व^(३/२)

दोन्ही बाजूंचा −२/३ वा घात घ्या. उजवीकडे व गुणिले एक संख्या, म्हणजे क्ष मधली द्विघाती राशी. तिचा तिसरा अवकलज शून्य! म्हणून समीकरण : य″ चा −२/३ वा घात, त्याचा तिसरा अवकलज = ०. य″ ला प म्हणून उलगडले की

९प²·प‴ − ४५प·प′·प″ + ४०प′³ = ०

मूळ समीकरणात य² चे पद नसेल, तर य हा द्विघाती भागिले एकघाती असा येतो. तिथेही प चा −२/३ वा घात क्ष मध्ये द्विघातीच्या पुढे जात नाही, म्हणून तोही सुटत नाही. फक्त अन्वस्त हवे असतील तर व मधला अ शून्य होतो, राशी एकघाती होते आणि दुसरा अवकलजच शून्य : ३प·प″ = ५प′². चार स्थिरांक, चौथी ऑर्डर. रेषा इथेही, वर्तुळांप्रमाणेच, उलगडलेल्या रूपात शिरतात, कारण प = ० घातले की सगळी पदे जातात.

हे समीकरण गास्पार माँज (१७४६–१८१८) यांच्या नावाने ओळखले जाते. त्याचा भौमितिक अर्थ कोणता, यावर १८८० च्या दशकात कलकत्त्यात तरुण आशुतोष मुखर्जींनी काम केले; पुढे कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झालेले हेच ते. अर्थ साध्या शब्दांत असा सांगता येईल : वक्राच्या प्रत्येक बिंदूपाशी त्याला जास्तीत जास्त घट्ट चिकटणारा शांकव काढा आणि त्याचे केंद्र पाहा. वक्रावरून पुढे सरकताना हे केंद्र साधारणपणे फिरत राहते. वक्र स्वतःच विवृत्त किंवा अपास्त असेल तर ते जागचे हलत नाही.

पडताळणीला क्ष·य = १ घ्या. प = २/क्ष³, त्याचा −२/३ वा घात क्ष² च्या पटीत, तिसरा अवकलज शून्य. मग य = क्ष³ घाला : प = ६क्ष, प′ = ६, पुढचे सगळे शून्य. डावीकडे ४० × २१६ = ८६४० उरतात, आणि घन बाहेर राहतो.